नावं कापू नका हो!

प्रति,
जुन्या मालिका परत दाखवणारे सगळे चॅनेलवाले, ॲपवाले, आणि एडिटिंग टेबलापाशी उभं राहून 'इथून कट मार' असं सांगणारे जे कोणी साहेब किंवा मॅडम असतील ते,

स.न.वि.वि.

तुमची माझी ओळख नाही आणि तशी गरजही नाही, मी प्रेक्षक आहे, बोरिवलीला राहते, मूळची गिरगावची, चर्चगेटला नोकरी. रोजचे जाऊन येऊन अडीच तास ट्रेनमध्ये जातात आणि त्यातला येतानाचा वेळ हल्ली मी तुमच्या कृपेने जुन्या मालिका बघण्यात घालवते. म्हणजे पहिल्यांदा आभारच मानते. नव्या मालिकांमध्ये कोणी चहाचा कप खाली ठेवला तरी तीन बाजूंनी झूम होतो आणि मागे ढोल वाजतात, माझं डोकं दुखतं. त्यामुळे जुनं दाखवताय ते पुण्याचं काम आहे, दाखवत राहा. पण एक भांडण आहे. ते सांगायचं तर आधी तुम्हाला लेडीज डब्यातली गोष्ट सांगावी लागेल.

गेल्या महिन्यात संध्याकाळी चर्चगेटवरून बोरिवली पकडली, नशिबाने खिडकी मिळाली, आणि मी 'जबान संभालके' लावलं, हिंदीच्या वर्गातल्या गोंधळाची ती जुनी कॉमेडी मालिका. एक इअरफोन माझ्या कानात, एक ऑफिसातल्या मैत्रिणीच्या कानात. समोर एक मावशी मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या आणि त्यांच्या बाजूला फोर्थ सीटवर अर्धी लटकलेली एक कॉलेजची पोरगी. आम्ही दोघी एवढ्या हसायला लागलो की मावशी म्हणाल्या काय बघताय गं, आवाज तरी मोठा करा. केला. (होय, ट्रेनमध्ये मोठ्या आवाजात फोन लावणाऱ्यांना मी एरवी शिव्या घालते, त्या दिवशी नियम मोडला.) पोरगी पण वाकून बघायला लागली. वर्गात नेहमीसारखा गोंधळ आणि दारातून प्रिन्सिपॉल मिस दीक्षित आत आल्या.

मावशींच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अगंबाई, ही मेहमूदची ना?"
पोरगी म्हणाली, "कोण मेहमूद?"
मावशी म्हणाल्या, "अगं ती नाही का... सायकल चालवायची, पोहायची... काय बाई नाव तिचं, अगदी तोंडावर आहे."

मला नाव माहीत होतं पण मुद्दाम गप्प बसले, कारण पोरगी म्हणाली थांबा मी बघते, आणि तिने माझ्याच फोनवर व्हिडिओच्या खालचं सगळं वाचून काढलं. पंकज कपूर होतं. पुढे 'फुल कॉमेडी' होतं, हसणारे चार चेहरे होते, आमचं चॅनेल लाइक करा होतं. बाकी कोणाचं नाव नाही. म्हणलं एपिसोड संपला की शेवटी नावं येतात, त्यात बघू. संपला. नावं सुरू झाली, पहिलं आलं, दुसरं येतंय तोवर टक्कन कट आणि वॉशिंग पावडरची जाहिरात. अंधेरी आली होती, पोरगी उतरायला दाराकडे सरकली आणि गर्दीतून ओरडली, "नाव काय आहे पण?"

"शुभा खोटे!" मी पण ओरडले. अर्ध्या डब्याने वळून बघितलं. तिला ऐकू गेलं का नाही देव जाणे.

तर माझं भांडण हे एवढंच आहे. तुम्ही शेवटची नावं कापता. कापत नसाल तर बारीक करून एका कोपऱ्यात ढकलता, मोठ्या भागात पुढच्या एपिसोडचं चित्र आणि त्यावर ५, ४, ३ असं उलटं मोजणं, जसं काही रॉकेटच उडणार आहे. मुख्य हिरोला त्याने काही फरक पडत नाही, त्याचं नाव पोस्टरवर असतंच. मार खातात ते बाकीचे. आणि कॉमेडीत बाकीचेच तर सगळं काम करत असतात!

आता तुम्ही म्हणाल बाई एवढं काय त्यात. सांगते.

१९९३ साली दूरदर्शनच्या मेट्रो चॅनेलवर 'जबान संभालके' लागायचं, राजीव मेहरांचं. मूळ ब्रिटिश मालिका 'माइंड युवर लँग्वेज', तिचा हा आपला अवतार. तिकडे परदेशी लोक इंग्लिश शिकायला येतात, इथे हिंदी शिकायला. मोहन भारती नावाचा मेकॅनिकल इंजिनियर, म्हणजे पंकज कपूर, त्याच्या लाइनमधली नोकरी मिळत नाही म्हणून हिंदीचा मास्तर होतो, आणि वर्गात कोण कुठला, कोण कुठला, प्रत्येकाची हिंदी वेगळ्या पद्धतीने फ्रॅक्चर झालेली. टॉम ऑल्टर साहेब झालेले, विजू खोटे विठ्ठल बापूराव पोटे झालेले. आमच्या अण्णांना त्या पोट्यांचा आधी थोडा राग यायचा, मराठी माणूस म्हणजे असाच दाखवायचा का म्हणून, पण तिसऱ्या चौथ्या भागानंतर तेच सगळ्यात जास्त हसायला लागले.

आणि या सगळ्यांच्या वर प्रिन्सिपॉल, मिस दीक्षित, म्हणजे शुभाताई.

मी तेव्हा नववीत होते आणि मला सगळ्यात जास्त तीच बाई आवडायची. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता एवढ्या वर्षांनी परत बघताना लक्षात येतं की विनोदाला एक न हसणारा माणूस लागतो. वर्गातले सगळे गमतीशीरच आहेत, मास्तर पण वैतागून गमतीशीर झालाय, मग त्याला धार कुठून येणार? धार तेव्हा येते जेव्हा या गोंधळात असा कोणीतरी येतो ज्याला हे अजिबात गमतीचं वाटत नाहीये. कुकरमध्ये डाळ कितीही उकळू दे, झाकण घट्ट असल्याशिवाय शिट्टी होत नाही. शुभाताई ते झाकण होत्या. त्या आत आल्या की आपण घरी बसलेलो असूनसुद्धा सरळ बसायचो, आणि मग पंकज कपूरची जी तंतरायची ती बघून हसू फुटायचं. टाळी पंकज कपूरला, बरोबरच आहे, माणूस ग्रेटच आहे, पण टाळीला दुसरा हात हिचा होता ना.

आणि हे करताना त्या स्वतः काहीच करत नाहीयेत असं वाटायचं. कुठे थांबायचं, मान किती वळवायची, वाक्य कुठे सोडून द्यायचं. मला वाटतं हे त्यांच्या खेळाडूपणातून आलं असणार. शुभाताई सिनेमात यायच्या आधी पोहण्यात आणि सायकलिंगमध्ये चॅम्पियन होत्या, मावशी ट्रेनमध्ये सायकल सायकल म्हणत होत्या ते उगीच नाही. ज्याला पाण्यात सूर कधी मारायचा कळतं त्याला वाक्य कधी टाकायचं तेही कळत असेल, हा माझा सिद्धांत आहे, सोडून द्या.

१९३७चा जन्म. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे, दुर्गाबाई खोटे चुलती, विजू खोटे सख्खा भाऊ. शिक्षण विल्सन कॉलेजात, म्हणजे आमच्या गिरगाव चौपाटीसमोर. आमच्या शेजारच्या काकूंची तर ठाम समजूत होती की या खोताच्या वाडीतल्याच. काकू, खोत वेगळे खोटे वेगळे, असं सांगून सांगून आई दमली पण काकू शेवटपर्यंत त्यांना वाडीतलीच मुलगी मानत राहिल्या. १९५५ला 'सीमा'मधून सिनेमात आल्या, नूतन आणि बलराज साहनींचा, आणि मग साठच्या दशकात विनोदी नट मेहमूदबरोबर जोडी जमली ती अशी जमली की 'ससुराल', 'दिल तेरा दीवाना', 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो'... त्यात आपले विनोदी नट धुमाळ पण असले की विचारूच नका. खरं सांगायचं तर 'ससुराल' मी पूर्ण एकदाही बघितलेला नाही, राजेंद्रकुमार आला की मी पुढे ढकलते आणि या तिघांपाशी थांबते. असं करणारी मी एकटी नसणार.

आता एक गोष्ट ऐका. १९६२ साली फिल्मफेअरला सहाय्यक अभिनेत्रीसाठी तीन नॉमिनेशन होती. त्यातली दोन शुभा खोटे, एक 'घराना'साठी आणि एक 'ससुराल'साठी. तिसरं निरुपा रॉय, 'छाया'साठी. बक्षीस निरुपा रॉयना. तीनमध्ये दोन चिठ्ठ्या आपल्या नावाच्या आणि उचलली ती तिसरीच! पुढे 'एक दूजे के लिए'साठी परत एकदा नॉमिनेशन, परत हात रिकामा. निरुपाबाई मोठ्याच होत्या, त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाहीये, पण बघा ना, रडवणारी जिंकते आणि हसवणारी टाळ्या वाजवत बसते, हे आपल्याकडे पहिल्यापासून चालत आलेलं आहे. कॉमेडी करणाऱ्या बाईला ट्रॉफी नाही, पोस्टरवर चेहरा नाही, तिच्यावर पुस्तक नाही. तिच्या हक्काचं जे काय होतं ते म्हणजे शेवटी दोन सेकंद येणारं नाव. ते तुम्ही वॉशिंग पावडरला दिलंत.

आमच्याकडे ना, ती नावं म्हणजे वेगळा कार्यक्रम असायचा. आमची चाळ, दीड खोली, टीव्ही आमच्याकडे म्हणून शेजारची चार डोकी कायम आमच्या जमिनीवर, गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की एक पोरगं वर आणि एक जिन्यात, "आलं का?" "गेलं!" "आता?" "मुंग्या!" असं चालायचं. मालिका संपली की बाकीचे उठायला लागायचे पण आई कोणाला उठू द्यायची नाही. "थांबा, नावं येऊ देत." आईची शाळा सातवीपर्यंत, पण टीव्हीवरची नावं ती मोठ्याने वाचायची आणि त्यातली मराठी आडनावं मोजायची. हिंदी मालिकेत एकेक आपला माणूस सापडला की तिचा चेहरा लग्नातल्या यजमानीणबाईसारखा व्हायचा. "हा बघ, कॅमेऱ्यावर आपला. मेकअप? आपलाच. साउंडवाला... हा नाही आपला. खोटे, आपले. अजून एक खोटे, आपल्या!" ज्या दिवशी मोजणी पाचच्या वर जायची त्या दिवशी भाताला तूप जास्त, अशी आमची चेष्टा चालायची.

'जबान संभालके'त तर घरचीच शाळा. बहीण प्रिन्सिपॉल, भाऊ विद्यार्थी, आणि शुभाताईंची मुलगी भावना बलसावर, तीही त्यातच. हे आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस सगळ्या चाळीला सांगत होती. आणि अण्णा दर आठवड्याला, न चुकता, "नाव खोटे पण काम खरं!" हा जोक मारायचे, आणि आई दर आठवड्याला त्यांच्याकडे हुबेहूब मिस दीक्षितांसारखं बघायची.

हसू नका, पण मला माणसं अशीच माहीत झाली. 'वागले की दुनिया' मी लहान होते तेव्हाचं, १९८८चं, पण ते दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचं होतं हे मला कोणी सांगितलं नाही, आईने वाचलं म्हणून कळलं. म्हणजे चुलतीने इकडे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणांचा कॉमन मॅन छोट्या पडद्यावर आणला आणि पुतणी तिकडे मेट्रोवर छडी नसलेली हेडमास्तरीण झाली. आणि त्या वागलेंची बायको, भारती आचरेकर! गायिका माणिक वर्मांची मुलगी. नवरा वैतागलाय, ऑफिसचं काहीतरी झालंय, आणि ही स्वयंपाकघरातून दोन शब्द टाकणार आणि त्याची हवा काढणार. आमच्या चाळीतल्या प्रत्येक घरात ती बाई होती, फक्त आमच्याकडच्यांना कोणी मानधन दिलं नाही.

भारतीताईंचंच उदाहरण देते म्हणजे माझा मुद्दा तुमच्या लक्षात येईल. २०१३चा 'द लंचबॉक्स' बघितलाच असेल. त्यात वरच्या मजल्यावर एक देशपांडे आंटी आहेत, खिडकीतून टोपली सोडतात, मसाला टाक म्हणून ओरडतात, अख्ख्या पिक्चरमध्ये त्यांचा चेहरा एकदाही दिसत नाही. नुसता आवाज. आणि तरी ती बाई आपल्याला डोळ्यासमोर दिसते, गाऊनवर ओढणी घेऊन. तो आवाज भारती आचरेकरांचा. आता तिथे शेवटची नावं कापली तर तुम्ही त्या बाईला शोधणार कुठे? चेहरा नाही, नाव नाही, उरलं काय, टोपली!

तसंच 'हम पाँच'. १९९५ला झीवर सुरू झालं, अशोक मामा (सराफ) पाच मुलींच्या तावडीत. त्यात पहिली बायको मेलेली आणि भिंतीवर फोटोत, आणि फोटोतून बोलते. प्रिया तेंडुलकर. जिने दूरदर्शनच्या मालिकेत 'रजनी' होऊन १९८५ला सगळ्या देशाला तक्रार करायला शिकवलं, ती दहा वर्षांनी हार घातलेल्या चौकटीत बसून नवऱ्याला चिमटे काढत होती. हलायला जागा नाही, हात नाहीत, चालणं नाही, नुसता चेहरा आणि भुवया. आज कोणी असा रोल घेईल का सांगा. आणि त्याच मालिकेतली 'आंटी मत कहो ना'वाली पूजा! तो डायलॉग अजून लग्नाकार्यात, ऑफिसात, सगळीकडे मारला जातो. मी मध्ये आमच्या ऑफिसात दहा जणींना विचारलं, डायलॉग दहाही जणींना पाठ, बाईचं नाव एकीलाही नाही. अरुणा सांगल. घ्या, लिहून ठेवा. निदान तुम्ही तरी.

हे लोक 'साइड'चे म्हणे. साइड रोल, साइड ॲक्ट्रेस. मला हा शब्द आवडतच नाही, कोशिंबीर साइडला असते म्हणून ताटात बिनकामाची असते का? शुभाताईंनी तर १९६८ला 'चिमुकला पाहुणा' हा मराठी पिक्चर स्वतः काढला, म्हणजे मधोमध उभं राहता येत नव्हतं म्हणून साइडला गेल्या अशातली गोष्ट नाही. पण ते एक वेगळंच पत्र होईल.

मला माहितीये तुमचं उत्तर काय असणार. लोक बघत नाहीत हो मॅडम, नावं आली की सोडून जातात. जात असतील. पण बसस्टॉपवरच्या पाट्याही रोज सगळे वाचतात असं नाही, म्हणून बेस्टवाले त्या उपटून टाकत नाहीत, कारण ज्या दिवशी एखाद्याला कुठे जायचंय ते शोधायचं असतं त्या दिवशी पाटी तिथे लागते. त्या अंधेरीच्या पोरीला त्या दिवशी लागली होती. आणि तुम्हाला खर्च तो काय? टेप तुमच्याकडे आहे, नावं त्यावर आहेतच, कोणीतरी ती टायपायची मेहनत तेव्हाच करून ठेवलीये. तुम्हाला नवीन काही करायचं नाहीये, फक्त कात्री जरा उशिरा चालवायचीये.

ज्या मालिकांच्या शेवटच्या पाट्या टेपवरूनच गेल्या असतील, त्यांच्या व्हिडिओखाली नावं टाइप करा. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, नाहीतर मला सांगा, मी रविवारी बसून करते, फुकट, आणि आमच्यासारख्या कितीतरी बायका करतील, आम्हाला सगळी पाठ आहेत. फक्त हिरोबरोबर शेजारीण, मोलकरीण, आत्या, प्रिन्सिपॉल, सगळ्या लिहा. विजू खोटे २०१९ला गेले, प्रिया तेंडुलकर तर २००२लाच गेली. जे गेले त्यांच्या नातवंडांना नाव दिसू दे, जे आहेत त्यांना स्वतःला दिसू दे.

आणि एक छोटी विनंती अगदी घरगुती आहे. नावं ठेवलीतच तर जरा हळू सरकवा. आई आता माझ्याकडे बोरिवलीला असते, ऐंशी पार केलीये, अण्णा नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय. रविवारी दुपारी मी टीव्हीला फोन जोडून तिला 'जबान संभालके' लावून देते. हसते अजून, तिथेच हसते जिथे तेव्हा हसायची. पण संपलं की अजून उठू देत नाही. चष्मा वर करून पुढे वाकते, बोट पडद्याकडे धरते आणि मोठ्याने वाचायला लागते, आता एकेक अक्षर लावत, आणि दुसऱ्या नावापर्यंत पोचते न पोचते तोच वॉशिंग पावडर. मग माझ्याकडे वळून विचारते, "खोटे आल्या का गं?" आणि मी सांगते, हो, आत्ताच गेल्या.

कळावे,
तुमची एक जुनी प्रेक्षक
बोरिवली (पूर्व), मूळ मुक्काम गिरगाव